बेटाचा चार्ज कुणाकडं?

बाकी सगळं ठेवा बाजूला, आधी हे ऐका. मी कंपनीच्या बसमध्ये उभी आहे, एका हातानं वरचा दांडा धरलाय आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं टाइप करतेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या. पण संध्याकाळपर्यंत थांबायची ताकद माझ्यात नाही. आत्ता एक रील बघितली, "पुण्याजवळचं मिनी मालदीव", आणि ते आमचं बेट निघालं! भीमेतलं! खाली कमेंटमध्ये नुसती मारामारी. एक म्हणतोय बेट शिरूर तालुक्यात, दुसरा म्हणतोय दौंडमध्ये, तिसरा दोघांच्या आईबापावर गेलाय. अरे बाबांनो, हे सगळं होऊन गेलंय! त्या बेटावरनं दोन ग्रामपंचायतींचं युद्ध झालं, तह झाला, तह मोडला, आणि ज्या माणसानं हे सगळं निस्तरलं त्याचा एका कमेंटमध्ये उल्लेख नाही.

नाव मीही लिहिणार नाही. "माणसाचं नाव कशाला, शिफ्ट कुठली ते सांग," असं म्हणणारा माणूस तो. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो.

मामा रांजणगावला आमच्या लाईनचे सुपरवायझर होते. मी ट्रेनी म्हणून लागले तेव्हा कारेगावात खोली घेऊन राहायचे, आणि पहिल्याच दिवशी मला सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, मशीन बिघडलं तर चालेल, मामांना चार्ज देताना चुकू नको. म्हणजे काय, तर शिफ्ट बदलताना जाणारा माणूस येणाऱ्याला सांगतो, मशीन कसं चाललंय, काय बिघडलंय, काय अर्धवट राहिलंय. बाकीचे हे काम बॅग खांद्याला लावून, अर्धे दाराबाहेर पडून करतात. मामा पूजा सांगितल्यासारखं करायचे. समोरच्याच्या डोळ्यात बघून विचारायचे, "काय अबनॉर्मल?" आणि "काही नाही" म्हटलं तर त्यांचा विश्वासच बसायचा नाही. बिहारचा एक ऑपरेटर होता, तो रोज म्हणायचा, "सब नॉर्मल है मामा, जाऊं?" मामा म्हणायचे, "बोलने से नॉर्मल नहीं होता बेटा. दिखाओ." मग तो बिचारा मशीनभोवती प्रदक्षिणा घालायचा.

त्यांचा एक सिद्धांत होता. जगातली सगळी भांडणं चार्ज नीट न दिल्यामुळं होतात. सासू-सुना, भाऊ-भाऊ, देश-देश, सगळं. "आधीच्यानं काय सोडलं ते नंतरच्याला सांगितलं न्हाई. बास. एवढंच हाय." कॅन्टीनमध्ये जेवून उठताना पुढच्या माणसाला टेबलाचा चार्ज द्यायचे, "टेबल चालू हाय, एक पाय हालतोय, पाण्याचा जग अर्धा, मीठ संपलंय. घेतला?" तो माणूस "घेतला" म्हणेपर्यंत मामा उठायचे नाहीत. नवीन पोरं बावचळायची, ताट हातात धरून "घेतला, घेतला" म्हणत खाली बसायची.

आणि त्यांचा मोठा नियम, रिलिव्हर, म्हणजे आपल्या जागी येणारा माणूस, आल्याशिवाय जागा सोडायची नाही. एकदा दुसऱ्या शिफ्टची बस शिक्रापूरच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. त्यातच कंपनीची लाईट गेली, मशीन बंद. मॅनेजर म्हणाले, मामा घरी जा, बंद मशीनजवळ काय करताय? मामा तिथंच उभे. म्हणाले, "बंद पडलंय तवाच तर कुणीतरी पायजे की जवळ."

त्यांच्या मुलीचं लग्न तर आमच्या लाईनमध्ये अजून सांगतात. पाठवणीची वेळ, सगळ्या बायका रडताहेत, आणि मामा नवरदेवाला बाजूला घेऊन चार्ज देताहेत. "सकाळी चहा पोटात गेल्याशिवाय बोलत न्हाई. राग आला की लगेच हात घालायचा न्हाई, गार हुस्तोवर लांब उभं राहायचं. मोजून बोलत न्हाई, तेवढं एक अबनॉर्मल. घेतला?" नवरदेव घामानं भिजलेला, म्हणाला, "घेतला." तेवढ्यात नवरी रडता रडता थांबली आणि म्हणाली, "आन् ह्यांचा चार्ज मला कोण देणार? बोलवा ह्यांच्या आईला." आणि खरंच, त्या बाईंना मांडवातनं परत बोलावलं! त्यांनी सांगितलं, घोरतो, भेंडी खात नाही, आणि चूक झाली की आधी हसतो. मुलगी म्हणाली, "घेतला." मगच गाडी हलली.

त्या लग्नात मामांना एकच माणूस बोलू शकला. त्यांची मोठी बहीण, आक्का. मागनं पाठीत धपाटा घालून म्हणाली, "पोरगी हाय ती, भुसकटा! कंपनीचा माल न्हाई!" आक्कासमोर मामांचं कधी काही चालायचं नाही. आई लवकर गेली, आक्कानंच त्यांना वाढवलं.

आता नीट लक्ष द्या, कारण सगळं या आक्कावर आहे.

मामांचं गाव भीमेच्या शिरूरच्या काठाला, मांडवगण फराट्यापासनं पुढं. आक्का दिलेली पलीकडं, दौंडच्या काठाला. तेच माझं गाव. आक्काचं घर आमच्या घरामागं, मधे फक्त कोबीचं वावर. दोन्ही गावं एकमेकांना दिसतात, कुत्री भुंकलेली ऐकू येतात, पण मधे नदी. आणि नदीत ते बेट. आता बेट म्हणजे काय, थोडी वाळू, थोडं गवत, चार बाभळी. दोन्ही गावांची एक-एक होडी होती. आपल्या काठावरनं होडीनं बेटावर यायचं, बेट चालत ओलांडायचं, पलीकडं दुसऱ्या गावची होडी उभी असायची, तिच्यात बसायचं. मी कंपनीतनं घरी अशीच जायचे, मामांच्या सोबत. सुट्टीचा दिवस आला की मामा आक्काकडं जेवायला. तिच्या हातची ज्वारीची भाकरी, वांग्याचं कालवण, आणि जेवताना बोलणी फुकट.

मग एक पुण्याचं जोडपं प्री-वेडिंग शूटला आलं. ड्रोन बिन घेऊन. पोरगी घोट्याला टेकणारा पांढरा झगा घालून बाभळीखाली उभी, झगा काट्यात अडकलेला, नवरा काढतोय, फोटोग्राफर म्हणतोय "हेच, हेच, असंच थांबा". तो व्हिडिओ असा पळाला की विचारू नका! आणि त्या फोटोग्राफरनं जाताना एक प्रश्न विचारला, जो आजपर्यंत कुणीच विचारला नव्हता. "इथं परवानगी कुणाची घ्यायची असते?"

झालं!

मामांच्या गावचे सरपंच आप्पा. म्हातारे, पांढरी टोपी, सोसायटीत बिनविरोध. ते म्हणाले, आमची. आमच्या गावची सरपंच माझी चुलत वहिनी, नवीन निवडून आलेली, तिच्या स्कूटीला सुद्धा "सरपंच" लिहिलंय. ती म्हणाली, आमची. आप्पांनी बेटावर बोर्ड लावला, "ग्रामपंचायत आपले सहर्ष स्वागत करीत आहे". वहिनीनं दुसऱ्या दिवशी त्याच्या तोंडासमोर त्याहून मोठा बोर्ड लावला, तेच स्वागत, आपल्या नावानं. माणूस बेटावर उतरला की दोन्हीकडनं स्वागत, पण उतरायचं कुणी? कारण आप्पांनी जाहीर केलं, आमच्या परवानगीशिवाय दौंडकडच्यांनी बेटावर पाय ठेवायचा नाही. वहिनीनं जाहीर केलं, शिरूरकडच्यांनी ठेवायचा नाही. होड्या बंद! दोन्ही!

पुरावे पण कसले जबरदस्त. आप्पा म्हणायचे, "माझ्या वडलांची बैलं तिथं चरायची." वहिनी म्हणायची, "माझ्या सासूबाईंची गाय तिथं व्याली." ग्रुपवर रोज हेच. कुणीतरी त्या गायीच्या कालवडीचा फोटो टाकला, खाली लिहिलं, "हा घ्या जिवंत पुरावा."

तुम्ही म्हणाल, मग मामांनी पुलावरनं वळसा घालून जायचं की. मी पण म्हटलं! पण आक्का ऐकेल तर शपथ. "माझं वऱ्हाड होडीतनं आलं, मला माहेरी न्यायला मुऱ्हाळी म्हणून तुझा पहिला पाय होडीतनं पडला. आता चोरावानी मागनं येणार? आलास तर वाढणार न्हाई." आणि तिला स्वतःला गाडी लागते. जीपमध्ये बसली की पहिल्या वळणाला उलटी. होडीत मात्र राणीसारखी बसते.

त्यात आक्काच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक डोळा तर पिकत आलाय, आता लांबवू नका. शिरूरला ऑपरेशन ठरवलेलं होतं आणि मामा नेणार होते. होडीतनं. आक्का म्हणाली, होडी सुरू झाली की करू. घरातले समजावून थकले. ती म्हणाली, "डोळं माझं हायती. वाट मी ठरवीन."

म्हणून मग सुट्टीच्या दिवशी काय चालायचं, तर मामा त्यांच्या काठावर, आक्का आमच्या काठावर, दोघांच्या कानाला फोन, आणि मधे नदी. मी आक्काजवळ उभी राहायचे, फोन तिला लावून द्यायला.

"दिसलास का रं मला? हात वर कर."

"केलाय की."

"तो व्हय? मला वाटलं खांब हाय."

"खांब माझ्या डावीकडं हाय, आक्का."

"मग मी मघापासनं त्याच्याशीच बोलतीय."

दुसऱ्या वेळी मामा कंपनीचं पिवळं चमकणारं जाकीट घालून आले. उन्हात, घरातनं, गावातनं चालत. लोक हसले. पण आक्का म्हणाली, "आता दिसतोस. पिवळा ठिपका दिसतोय." आणि तिनं भाकरी वर धरून त्यांना दाखवली. मामा पलीकडनं म्हणाले, "जरा करपलीय." आक्का म्हणाली, "तुला हितनं करपलेली दिसती आन् मला तू दिसत न्हाईस." हसत म्हणाली, आणि भाकरी परत फडक्यात बांधली. फोन चालूच होता. पुढच्या खेपेला ठिपका बारीक झाला होता, म्हणाली. मामांनी त्या दिवशी ठरवलं की हे प्रकरण आता आपण मिटवायचं.

आणि कसं? शिफ्टनं!

आधी बैठक कुठं घ्यायची यावरच अडलं. आप्पा दौंडच्या काठावर येणार नाहीत, वहिनी शिरूरच्या काठावर जाणार नाही, बेटावर गेलं की दुसऱ्याची परवानगी मागितल्यासारखं होतंय. मामा म्हणाले, पाण्यात घ्या. पाणी कुणाचंच न्हाई. म्हणून बेटाच्या टोकाला, उथळ जागी, दोन्ही गावच्या होड्या समोरासमोर थांबवल्या, आणि मधे गुडघाभर पाण्यात मामा, पिवळं जाकीट, गळ्यात शिट्टी. दोन्ही काठांवर माणसं जत्रेसारखी. सगळे मोबाईल वर.

आप्पांनी होडीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकली होती. होडीवाला म्हणाला, "आप्पा, खाली बसा, होडी हालतीय." आप्पा म्हणाले, "हालू दे. मी सरपंच हाय." वहिनीच्या होडीत तिचा नवरा छत्री धरून. तो म्हणाला, "आमचं म्हणणं असं हाय की..." वहिनी म्हणाली, "तुमचं न्हाई, माझं. छत्री सरळ धरा."

मामांनी शिट्टी वाजवली. "राज्य कुणाचं, हा सवालच चुकलाय. कंपनी कुणाची हे मी तीस वर्षं विचारलं न्हाई. शिफ्ट कुणाची, तेवढं बोला."

"म्हंजी?" आप्पा.

"एक आठवडा बेट तुमचं, एक आठवडा ह्यांचं. तुमच्या आठवड्यात तुमची सत्ता, तुमची परवानगी, तुमचा बोर्ड. आठवडा संपला की बेटावर उभं राहून चार्ज द्यायचा. रिलिव्हरनं घेतला म्हणेपर्यंत जागा सोडायची न्हाई."

"आन् सोडली तर?" वहिनीनं विचारलं.

"सोडली तर हक्क सोडला."

हे दोघांनाही फार आवडलं. दोघंही मनात म्हणाले असणार की समोरचा सोडेल.

"मग पहिली शिफ्ट आमची," आप्पा म्हणाले.

"का? तुम्ही म्हातारे म्हणून?"

"आन् तुमची का? तुम्ही नवीन म्हणून?"

मामांनी काड्या धरल्या, आप्पांची लांब निघाली. मग नावावरनं अडलं. मामा म्हणाले, आप्पांची ए शिफ्ट, ताईंची बी शिफ्ट. वहिनी उठून उभी राहिली, होडी कलली, छत्री पाण्यात. "बी? आम्ही बी? आमचं गाव काय दुय्यम हाय?" काठावरनं आमची माणसं ओरडायला लागली. मामांनी परत शिट्टी फुंकली. मग म्हणाले, "दोन्ही ए." टाळ्या! काय टाळ्या पडल्या!

एकच अट वहिनीनं घातली. आधी एक चार्ज नीट होऊ द्या, मग होड्या सोडू. मामा माझ्याकडं बघून ओरडले, "आक्काला सांग, एकच आठवडा!" मी आक्काला सांगितलं. तिनं त्याच दिवशी ऑपरेशनला न्यायची पिशवी भरली. लुगडं, टॉवेल, आणि मामांसाठी शेंगदाण्याची चटणी.

इथं मामांची चूक झाली. तीस वर्षांच्या नोकरीची चूक! कंपनीत दोन शिफ्टचं पटलं नाही तर वर केबिनमध्ये मॅनेजर बसलेला असतो. बेटाच्या वर काय, घार.

आठवडा संपला. आप्पा बेटावर चार्ज द्यायला उभे, वहिनी घ्यायला आली. मामांनी विचारलं, "काय अबनॉर्मल?" आप्पा म्हणाले, "सगळं नॉर्मल." वहिनी मामांच्याच तालमीत तयार झाल्यासारखी म्हणाली, "दाखवा." आणि तिनं बेटावर चक्कर मारली. बाभळीखाली शेंगांची टरफलं! ढीगभर!

"हे काय? असलं बेट मी घेणार न्हाई. साफ करून द्या."

"टरफलं वाऱ्यानं तुमच्याकडनं आलीत."

"वारं तिकडनं हिकडं वाहतंय, आप्पा."

आता आप्पांनी दोन पोरं लावली असती तर काम झालं असतं. पण साफ केलं की घाण आपली होती असं सिद्ध होतंय! आप्पा म्हणाले, एक टरफल उचलणार न्हाई. वहिनी म्हणाली, मग चार्ज घेणार न्हाई. आणि ती होडीत बसून गेली. आप्पा निघायला लागले. मामांनी शिट्टी वाजवली. "आप्पा, रिलिव्हर न्हाई."

आप्पा थांबले. सगळं गाव मोबाईल धरून बघतंय. सोडली तर हक्क सोडला.

आप्पा बेटावर अडकले, हो! डबा होडीतनं आला. खुर्ची आली. मग मच्छर आले. मग त्यांनी पंचायतीच्या मेंबरांना आळीपाळीनं बसवायला सुरुवात केली. पहिला मेंबर ऊसतोड सोडून बसला, दुसऱ्यानं पोट दुखतंय सांगितलं, तिसऱ्यानं फोनच बंद केला. वहिनी रोज येऊन पाहणी करायची आणि रोज नवीन अबनॉर्मल काढायची. आज जलपर्णी काठाला अडकलीय. आज मुंग्यांचं वारूळ वाढलंय. आज एक मासा मेलाय. "हा आमच्या शिफ्टमधला न्हाई," ती म्हणाली, आणि त्या माशाकडं मेलेल्या पाहुण्यासारखं बघितलं.

आणि इकडं आक्काची पिशवी दारात भरलेली. एके सकाळी मी तिला काठावर घेऊन गेले, मामा समोर उभे, तिनं फोनवर विचारलं, "आज आला न्हाईस व्हय?" मामा म्हणाले, "आलोय की आक्का. समोरच हाय." ती म्हणाली, "बरं. मग असशील." मामांनी फोन ठेवला आणि सरळ होडीकडं चालत गेले. मला तिथनंही कळलं की आता काहीतरी होणार.

आक्काला ओट्यावर बसवून मी वहिनीबरोबर तिच्या होडीतनं बेटावर गेले. मामा पोचले तेव्हा आप्पा आणि वहिनी दोघंही तिथंच होते, आणि भांडण बघून मी तर हादरलेच. कारण भांडण उलटं झालं होतं!

आप्पा ओरडत होते, "घ्या वो, घ्या! तुमचंच हाय हे. पयल्यापासनं तुमचंच!"

वहिनी म्हणत होती, "आमचं? आमच्यात कुणी कधी असं म्हटलं न्हाई. तुमच्या वडलांची बैलं चरायची ना?"

"ती मोकाट होती! आमची बैलं कधी पाण्यात जात न्हाईत. तुमच्या सासूबाईंची गाय व्याली की इथं!"

"ती गाय तुमच्याच बाजारातनं आणलेली! तुमची गाय, तुमचं वासरू, तुमचं बेट!"

आप्पांनी आपला स्वागताचा बोर्ड उपटला. वहिनीनं छत्रीवाल्या नवऱ्याला सांगितलं, आपला पण काढा. दोन्ही बोर्ड आपापल्या होडीत. आप्पा मामांना म्हणाले, "आमचा बेटाशी संबंध न्हाई." वहिनी म्हणाली, "आमचा तर कधीच नव्हता." आणि दोघंही निघाले. पहिल्यांदाच एकाच वेळी, एकमेकांना "जरा सांभाळून, चिखल हाय" म्हणत.

मामांचा चेहरा बघायला पाहिजे होता. चालू मशीन, आणि ऑपरेटर नाही! एकही नाही! ते बिनधन्याचं बेट बघून ते पांढरेफटक पडले. मग त्यांनी खाकरून बाभळींकडं बघितलं आणि मोठ्यानं म्हणाले, "टरफलं हायेत. मासा हाय. मान्य हाय. घेतला चार्ज."

होडीवाल्यानं जाता जाता आप्पांना विचारलं, "आता ह्या बेटाला होडी लावायला परवानगी कुणाची?"

"मला काय विचारतो? माझं हाय का ते?"

आमच्या होडीवाल्यानं वहिनीला विचारलं. तिनंही तेच सांगितलं. म्हणजे आता अडवायला कुणीच नाही!

मी वहिनीच्या होडीतनं काठाला उतरले आणि पळत सुटले! कोबीच्या वावरातनं, चप्पल हातात घेऊन. आक्का ओट्यावर बसली होती. म्हटलं, "आक्का, उठ, होडी सुटली!" तिनं काही विचारलं नाही. पिशवी उचलली, माझा खांदा धरला आणि चालायला लागली. होडीत राणीसारखी बसली, तोंड समोर. "पिवळं कुठंय?" सारखं विचारत होती. मी म्हणायचे, समोर. मग एकदम म्हणाली, "थांब, सांगू नको. दिसलं." तो ठिपका मोठा मोठा होत गेला, आणि शेवटी त्याला हात फुटले, आणि त्या हातांनी तिला उतरवून घेतलं.

आक्कानं मामांच्या तोंडावरनं हात फिरवला. गाल, कान, टक्कल. "किती म्हातारा झालास रं," म्हणाली. "लांबनं कळत नव्हतं."

मामा नाक ओढत होते. म्हटलं, चला, पलीकडं तुमची होडी उभी आहे, दवाखाना उघडा आहे, निघा. तर मामा जागचे हलेनात!

"मी कसा येऊ? चार्ज माझ्याकडं हाय. रिलिव्हर न्हाई."

मला हसावं की रडावं कळेना. म्हटलं, मामा, कुणीच भांडत नाहीये आता! कुणाला नकोय ते! ते म्हणाले, "म्हणून तर. ज्याला कुणी न्हाई ते सोडून कसं जायचं?" आणि हे ते चेष्टेत म्हणत नव्हते. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. एका बाजूला आक्काचे डोळे, दुसऱ्या बाजूला जन्मात न मोडलेला नियम, आणि ते मधे, शेंगांच्या टरफलात उभे.

आक्कानं पिशवी खाली ठेवली. "बरं," म्हणाली. "मग मी बी बसते. डोळ्याचं काय, हितं बघण्यासारखं हाय तरी काय? चार बाभळी आन् एक खुळा." आणि खरंच बसली की वाळूत! चटणीचा डबा उघडला.

मामा तिच्याकडं बघत राहिले. तिनं चटणी हाताला लावून बघितली, डबा कुठं ठेवला ते विसरली, आणि चाचपडत वाळूत हात फिरवायला लागली. डबा तिच्या मांडीजवळच होता. उजेड लख्ख होता.

मामांनी तो डबा उचलला, झाकण लावलं, पिशवीत ठेवला. आक्काला उठवलं. आणि कुणालाही चार्ज न देता होडीकडं चालायला लागले.

तीस वर्षांत पहिल्यांदा! मी डोळ्यांनी बघितलंय! होडी सुटल्यावर मात्र त्यांची मान मागं वळायला लागली. आक्काला दिसत नव्हतं, पण कसं कळलं कुणास ठाऊक. तिनं त्यांचं कोपर धरलं आणि म्हणाली, "मागं बघू नगंस. ते काय पळून जात न्हाई."

नाहीच गेलं. अजून तिथंच आहे. दोन्ही होड्या चालू आहेत. टरफलं पावसात वाहून गेली. मधे परत एक प्री-वेडिंगवाले आले, परवानगी मागायला आप्पांकडं गेले, आप्पांनी वहिनीकडं पाठवलं, वहिनीनं आप्पांकडं, शेवटी त्यांनी कुणालाच न विचारता फोटो काढले. आक्काचे दोन्ही डोळे झाले. पट्टी काढल्यावर ती पहिलं वाक्य काय बोलली असेल? मामांना म्हणाली, "दाढी तरी करून यायचं की रं."

आता मला सांगा, तुमच्याकडं घडलंय का असं काही? म्हणजे दोन गावं, दोन घरं, दोन ऑफिसं एखाद्या गोष्टीसाठी इतकी भांडली, इतकी भांडली, की शेवटी ती गोष्ट दोघांनाही नको झाली, आणि ती तशीच सोडून दिल्यावर सगळं सुरळीत चालायला लागलं? आणि तुमच्यातलं कुणी होतं का, ज्याला ती तशी सोडून जाताना मामांसारखं जड गेलं?